मदत हवी आहे: इपॉक्सी कडप्प्याला धरतं, बंपरला का नाही?

नमस्कार मंडळी,

गाडी 2012 ची, हॅचबॅक. गेल्या महिन्यात सोसायटीत रिव्हर्स घेताना मागचा बंपर तुळशीच्या कुंडीला टेकला. बाहेरून ओरखडासुद्धा नाही, पण आतला क्लिपमध्ये अडकणारा कान तुटला आणि बंपरचा कोपरा बोटभर बाहेर आला. गॅरेजवाला म्हणतो, अख्खा बंपर बदला, रंगाचे पैसे वेगळे. एवढ्याशा कानासाठी ते जिवावर आलं.

घरात दोन ट्यूबवालं इपॉक्सी होतं (एकीत रेझीन, दुसरीत हार्डनर, दोन्ही कालवून लावायचा गोंद). त्याच्यावर माझा भारी विश्वास, कारण ओट्याच्या कडप्प्याचा टवका उडाला होता तो तीन वर्षांपूर्वी मी त्यानेच बसवला. आई त्याच कडेवर नारळ फोडते (हो, सांगूनही), तरी जागचा हललेला नाही.

तर बंपर थिनरने पुसला, दोन्ही ट्यूबमधलं समान घेऊन आइस्क्रीमच्या काडीने नीट कालवलं, लावलं, कपड्यांचे चिमटे लावून 24 तास हात लावला नाही. दगडासारखं घट्ट. बंपर दाबून बसवायला गेलो तर टक्, कान हातात! इपॉक्सी मोडलं नाही, भेगलं नाही. खपली निघावी तसं अख्खं सुटून आलं आणि खालचं प्लास्टिक कोरं करकरीत. दुसऱ्या खेपेला हार्डनर जरा जास्त घातला, म्हटलं जास्त कडक होईल. ते तर आठवडा झाला तरी चिवट रबरासारखंच आहे, नख रुततं.

माझं चुकलं कुठे? आणि पुढचं काही करण्याआधी विचारून घेतो: रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीला केसाएवढी चीर गेली आहे, कूलंट पाझरतो. तिथे एम-सील (हाताने मळून लावायचं इपॉक्सी) चालेल का? गच्चीवरची काळी पाण्याची टाकीही कडेला फुटली आहे. आणि बायको कुकरचं हँडल घेऊन मागे उभी आहे.

खटपट्या:
चूक तुमची नाही, प्लास्टिकच्या जातीची आहे. बंपरच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून बघा, 'पीपी' किंवा 'पीपी + ईपीडीएम' असा ठसा असेल. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन नावाचं प्लास्टिक, ईपीडीएम म्हणजे त्यात मिसळलेलं रबर. त्याच्यावर इपॉक्सी नीट पसरतच नाही, नुसतं वर बसून वाळतं. कडप्पा खडबडीत, त्याच्या बारीक खाचांत ते शिरून बसतं. ठसा नाही सापडला तर पाण्याचा थेंब टाकून बघा, तो न पसरता गोल राहिला तर इपॉक्सीचंही तसंच होणार.

हार्डनरचं म्हणाल तर डेंटिंगवाल्याच्या पुट्टीमुळे हा घोळ होतो. ती बहुतेक पॉलिएस्टरची असते. तिच्यातला हार्डनर थोडा वाढवला की ती लवकर सेट होते, म्हणून आपल्याला वाटतं सगळीकडे तसंच. इपॉक्सीत हार्डनर स्वतःच रेझीनला जोडला जातो. जास्त झालेला जोडीदाराविना उरतो आणि माल मऊ पडतो. ट्यूबवर लिहिलंय तेवढंच घ्यायचं.

कानाला आतून ॲल्युमिनियमची पट्टी लावा, 4 एमएमचे बोल्ट टाका. नाहीतर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने स्टीलची बारीक जाळी प्लास्टिकमध्ये रुतवतात, तेही पक्कं होतं. धूर नाकात जाऊ देऊ नका.

घाटावरचा ड्रायव्हर:
रेडिएटरला एम-सील लावून घाट चढू नका, हात जोडून सांगतो. कूलंट 90 अंशांच्या आसपास तापतो, वर एक बारच्या आगेमागे दाब. घरगुती इपॉक्सी साठ-सत्तरलाच ढिलं पडायला लागतं. शिवाय टाकी रोज फुगते, आक्रसते. जोड सुटला, इंजिन तापलं, की हेड गॅस्केटचा (इंजिनच्या वरच्या भागाखालच्या सीलचा) खर्च बंपरच्या कितीतरी पुढे जातो. रेडिएटरचं काम करणारे कारागीर पत्र्याचे दात उघडून फक्त वरची टाकी बदलून देतात, आधी तिथे विचारा. आणि गरम असताना झाकण उघडू नका.

रेझीनवाली ताई:
पाण्याची टाकी पॉलिथिलीनची, म्हणजे पीपीचीच सख्खी बहीण, तिथेही तेच होणार. प्लास्टिक वेल्डिंगवाल्याला बोलवा. कुकरच्या हँडलला चिकटवाचिकटवी अजिबात नको. उकळत्या कुकरचं हँडल हातात आलं तर? नवीन घ्या, दोन स्क्रूचं काम आहे.

आणि दादा, हातमोजे घातले होते का? मी रेझीनचे दागिने करते. दोन वर्षं उघड्या हातांनी काम केलं, काही झालं नाही. मग एक दिवस बोटांवर पुरळ उठलं, आता नुसता थेंब लागला तरी उठतं.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. आत्ताच गाडीखाली आडवा होऊन आलो. ठसा आहे, पीपी + ईपीडीएम. थेंबही टाकला, अळूच्या पानावर बसावा तसा गोल बसला आणि घरंगळला. कडप्प्यावर टाकला तर पसरला.

हातमोजे नव्हते, ताई. आणले आज.

रेडिएटर उद्या कारागिराकडे. टाकीसाठी वेल्डिंगवाला रविवारी येतोय. हँडल बायकोने माझी वाट न बघता मागवलंसुद्धा. राहिला कान. खटपट्या, पट्टी दोन्ही बाजूंनी लावू की आतून एकच पुरे? आणि बोल्टखाली रबरी वॉशर टाकू की लोखंडी?