नंदा: फक्त ‘धाकटी बहीण’?

हिंदी चित्रपटांतली अभिनेत्री नंदा म्हणजे पडद्यावरची सोशिक धाकटी बहीण, बाकी काही नाही, हे मत मला अजिबात पटत नाही.

तिचे वडील, अभिनेते-दिग्दर्शक मास्टर विनायक १९४७ मध्ये गेले तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. घर चालवायचं म्हणून ‘बेबी नंदा’ कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, हौस म्हणून नव्हे. शांतारामबापूंनी (व्ही. शांताराम) ‘तूफान और दिया’त (१९५६) मोठी भूमिका दिली. मग ‘भाभी’ आणि ‘छोटी बहन’ चालले आणि निर्माते तिला तशाच भूमिका देत राहिले. घराची जबाबदारी अंगावर असलेल्या मुलीने त्या नाकारायच्या तरी कशा? ही बाजू कुणी लक्षातच घेत नाही.

आणि तरीही तिने ती चौकट मोडली. शशी कपूर नवखा होता, यश मिळत नव्हतं, तेव्हा नाव झालेली ही नायिका त्याच्याबरोबर काम करत राहिली. ‘जब जब फूल खिले’ (१९६५) हे त्याचंच फळ. त्याच वर्षी ‘गुमनाम’. पण खरी नंदा पाहायची तर ‘इत्तेफाक’ (१९६९) पाहा. एकही गाणं नाही, जवळपास सगळं एका रात्रीत, एका घरात घडतं. ती साकारत असलेल्या बाईच्या मनात काय चाललंय ते ती डोळ्यांत दिसू देते आणि लपवतेही. शेवट माहीत असताना दुसऱ्यांदा पाहिला की तिचं काम जास्तच कळतं.

पुढे ‘आहिस्ता आहिस्ता’, ‘प्रेमरोग’ आणि ‘मजदूर’ या तिन्हींत ती पद्मिनी कोल्हापुरेची आई झाली. पद्मिनीही बालकलाकार म्हणूनच आलेली. त्या दोघींवर कुणीतरी सविस्तर लिहायला हवं.