गेटजवळ ठेवलेला मिक्सर कुणाचा?

बी-६०१ : सोसायटीच्या ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार. रविवारी आम्ही मंगळवार पेठेत जुन्या बाजारात गेलो होतो, ह्यांना भिंतीवरच्या घड्याळाचे काटे हवे होते. तिथे एका ताडपत्रीवर आमचा मिक्सर दिसला. आमचाच, कारण झाकणाला माझ्या मुलाने लहानपणी लावलेलं स्टिकर तसंच होतं. शेजारी स्टीलचा मोठा डबा, त्यावर सासूबाईंचं नाव घातलेलं. मिक्सर सातशेला आणि डबा दीडशेला सांगितला. दिवाळीच्या आवराआवरीत हे सगळं आम्ही गेटजवळ ठेवलं होतं. सुका कचरा नेणाऱ्या ताईंनी नेलं असणार. आपण कचरा म्हणून द्यायचं आणि पुढे त्याची अशी विक्री होते, हे कमिटीला माहीत आहे का? त्या डब्यावरचं नाव वाचून मला तिथे उभं राहवेना.

सी-३०४ : मी हे विचारणारच होतो. मागच्या महिन्यात मी ऑफिसची खुर्ची खाली ठेवली, तासाभरात गायब. वस्तू सोसायटीच्या आवारातली, तर पैसे सोसायटीच्या खात्यात यायला हवेत.

डी-१०२ : बरोबर.

सचिव : वॉचमनना आज सकाळीच सांगितलं आहे, कचऱ्याच्या पिशव्यांशिवाय कुठलीही वस्तू गेटबाहेर जाऊ द्यायची नाही. महिन्यातून एकदा भंगारवाल्याला बोलावू. जमलेले पैसे सोसायटी फंडात.

ए-५०३ : आज दुपारी पाणी बंद आहे का?

सचिव : फक्त ए विंग, १ ते ४. टाकी धुणार आहेत.

ए-२०४ : सचिवसाहेब, ही सूचना कृपया थांबवा. मोठा मेसेज लिहिते आहे, पण वाचा.

आज सकाळी सव्वाआठला मी गेटवर होते. ताईंना वॉचमनने अडवलं, त्यांच्या पोत्यातून एक टेबलफॅन काढून घेतला आणि चार लोकांसमोर विचारलं, "हा कुणाला विचारून उचलला?" तो फॅन माझा होता. मी स्वतः त्यांच्या हातात दिला होता. ताई काहीच बोलल्या नाहीत, पोतं बांधलं आणि गेल्या. दहा वर्षं त्या आपला कचरा उचलतायत. माझ्या बाळंतपणात खराब डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, म्हणजे आम्हाला हाताने उघडून बघावं लागत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं. सकाळी त्या मान खाली घालून गेल्या, ते दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही.

आता मिक्सरबद्दल. भंगारात तोललं तर मिक्सरचे शंभर-सव्वाशे रुपये येतात. बाहेरचं प्लॅस्टिक वेगळं, मोटरमधलं तांबं वेगळं. सातशे रुपये कसे होतात ते मी ताईंबरोबर दोनदा जाऊन पाहिलं आहे. त्यांचा भाचा वाइंडिंगच्या दुकानात काम करतो. तो मोटर उघडतो, झिजलेले कार्बन ब्रश बदलतो, वरचा कपलर बदलतो, भांड्याचं पातं आणि बुश बघतो. सुटे भाग आणि मजुरी मिळून दोन-अडीचशे जातात. मग रविवारी किंवा बुधवारी पहाटे जागा धरायची, दिवसभर उन्हात बसायचं, गिऱ्हाईक सातशे ऐकून साडेचारशेला मागणार. विकला गेला तर हातात दोनशे. नाही गेला तर तेच ओझं परत घरी.

म्हणजे आपण टाकला तेव्हा त्याची किंमत आपल्या लेखी शून्य होती. पुढची सगळी किंमत कुणीतरी पाठीवरून वाहून, उघडून, पुसून, जोडून तयार केली. ती त्यांचीच आहे. सोसायटी फंडाने त्यातलं काय केलं?

आणखी एक. पुण्यात घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या या बायकांच्या 'स्वच्छ' संस्थेचा महापालिकेशी २००८ मध्ये पहिला करार झाला. दारोदारचं शुल्क आणि सुका कचरा विकून येणारे पैसे, ही त्यांची मिळकत आहे. सुक्या कचऱ्यातला चांगला माल आपण भंगारवाल्याला वळवला तर ताईंच्या वाट्याला थर्माकोल आणि बिस्किटांचे कागदच उरतील, ज्यांना कुणी किलोला रुपयाही देत नाही. ते मात्र त्यांनी उचलायचंच.

सी-३०४ : तुमचं म्हणणं मनाला लागलं, तरी दोन अडचणी आहेत. एक, पार्किंगच्या कोपऱ्यात पोती दोन-दोन दिवस पडून असतात, उंदीर झालेत, माझ्या गाडीची वायर कुरतडली. दुसरी, आपल्या वस्तूंमध्ये बँकेचे कागद, जुने मोबाइल, लॅपटॉप असतात. ते कुठे जातात कुणाला ठाऊक.

ए-२०४ : दोन्ही खरं आहे. पोती पडून राहतात कारण आपण त्यांना निवडायला जागाच दिलेली नाही. गेटबाहेर फुटपाथवर बसून निवडलं तर येणारे-जाणारे हाकलतात. जनरेटरमागचा ओटा दोन तास दिला तर पोती रोजच्या रोज जातील. आणि मोबाइलमधलं पुसून टाकणं, कागद फाडणं हे आपलं काम आहे. ते त्यांच्यावर टाकू नये.

डी-४०१ : मी आजी लिहिते आहे, नातवाने टाइप करून दिलं आहे.

आमच्या लहानपणी घरातलं काही टाकलंच जात नसे. दुपारी बोहारीण यायची, डोक्यावर भांड्यांची टोपली. जुनं धोतर, विटलेली नऊवारी, चार शर्ट द्यायचे आणि एक पातेलं घ्यायचं. तासभर घासाघीस चालायची, मध्ये पाणी, कधी चहा. तीही तेच कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून पुढे विकायची. तिला कुणी चोर म्हटलं नाही, कारण ती दारात बसून घ्यायची आणि आपण डोळ्यांनी बघायचो.

कचरा वेचणाऱ्या बायकांचं मात्र वेगळं झालं. मी शाळेत शिकवत होते तेव्हा कुंडीत उतरलेल्या बायका रोज दिसायच्या, बरोबर लहान मुली. पायात चप्पल नाही. कुठे चोरी झाली की पहिल्यांदा त्यांनाच पकडायचे. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढावांच्या अध्यक्षतेखाली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरा वेचणाऱ्या बायांबरोबर बसत होत्या, त्यातून ते झालं. सगळ्यात आधी मागितलं काय, तर ओळखपत्र. पैसे नंतर. पुढे महापालिकेने ती ओळखपत्रं मान्य केली. आमच्या शाळेत एका मुलीची आई ते कार्ड गळ्यात घालून पालकसभेला आली होती. त्या आधी ती कधी वर्गाच्या दारातही उभी राहिली नव्हती.

तेव्हा आज सकाळी गेटवर जे झालं ते वाचून मला फार वाईट वाटलं. तीस वर्षांपूर्वीचा प्रश्न तुम्ही आज त्याच बाईला विचारलात.

डी-१०२ : आजी, मी सकाळी 'बरोबर' लिहिलं होतं. ते मागे घेतो.

बी-२०३ : माझी मुलगी जर्मनीत शिकते. तिथे लोक जुनं फर्निचर, पुस्तकं, भांडी इमारतीबाहेर नीट मांडून ठेवतात आणि खोक्यावर लिहितात, 'फुकट न्या'. तिच्या खोलीतलं टेबल, दिवा, पुस्तकांचं शेल्फ सगळं रस्त्यावरून आणलेलं. ती फोटो पाठवते तेव्हा मी कौतुकाने सगळ्यांना दाखवते. तेच आपल्या गेटवर ताई करतात तेव्हा वॉचमन पोतं उघडून बघतो. मला हे आज पहिल्यांदाच शेजारी शेजारी ठेवून बघावंसं वाटलं.

ए-७०२ : मी काका लिहितोय. पस्तीस वर्षं मोटर दुरुस्तीत काढली, म्हणून थोडं सांगतो.

मिक्सर टाकण्याआधी उलटा करा. बुडाला लाल बटण असतं, ते ओव्हरलोडचं. चटणी घट्ट झाली, मोटर तापली की ते आपोआप सुटतं आणि मिक्सर 'मेला' असं वाटतं. दहा मिनिटं थंड होऊ द्या आणि बटण दाबा. असे कितीतरी मिक्सर माझ्याकडे यायचे, मी बटण दाबून परत द्यायचो. पंखा हळू फिरतो म्हणून टाकता? बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो, तो बदलला की पंखा पूर्वीसारखा. कुकर शिट्टी धरत नाही तर आधी गॅस्केट बघा.

आणि द्यायचंच असेल तर वायर कापून देऊ नका. लोक असं का करतात कळत नाही, कदाचित 'आता कुणी वापरू नये' असं मनात असतं. वायर कापलेली वस्तू गिऱ्हाईक हातात घेत नाही, कारण चालू करून दाखवता येत नाही. ती मग थेट तोडायला जाते. मिक्सरची भांडी झाकणासकट द्या, खुर्चीचे सुटलेले स्क्रू छोट्या पिशवीत घालून हाताला बांधा, रिमोट टीव्हीबरोबर. एवढ्याने वस्तू भंगार होण्याऐवजी पुन्हा कुणाच्या तरी घरी लागते.

पण सगळंच ताईंना देऊ नका. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, जुन्या डब्याच्या टीव्हीच्या काचेत शिसं. इन्व्हर्टरची बॅटरी तर नवी घेताना दुकानदारालाच परत द्यायची असते. तांब्यासाठी वायरी जाळतात, तो धूर फार वाईट, मी तरुणपणी खाल्लेला आहे. वायरींचं भेंडोळं असेल तर माझ्याकडे आणून द्या, मी सोलून देतो. मोकळाच असतो.

ए-५०३ : काका, आमचा पंखा बघाल का? गेटवरच ठेवायला निघाले होते.

ए-७०२ : संध्याकाळी सहाला आणा.

सी-३०४ : काका, खुर्चीचं हायड्रॉलिक गेलं होतं माझ्या. ते दुरुस्त होतं का?

ए-७०२ : सिलिंडर बदलून मिळतो. खुर्ची तशी धडधाकट असणार.

सी-३०४ : म्हणजे कुणीतरी बदलून घेतला असेल आणि आता त्यावर बसत असेल. ठीक आहे. खरं सांगायचं तर मी ती टाकायला माणूस शोधत होतो, तीन दिवस कुणी न्यायला तयार नव्हतं.

बी-६०१ : मी दुपारपासून वाचते आहे. ह्यांना विचारलं. हे म्हणाले, ताई त्या दिवशी वर आल्या होत्या. दारात उभं राहून विचारलं, "साहेब, डब्यावर नाव आहे, हा ठेवायचा नाही ना?" रंगारी घरात, सामान सगळं हॉलमध्ये, ह्यांनी न बघताच सांगितलं, "सगळं घेऊन जा." मिक्सरचंही त्यांनी विचारलं होतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे त्या नाव वाचून सहा मजले चढून आल्या. लिफ्ट त्या आठवड्यात बंद होती. मी मात्र काही न विचारता ग्रुपवर लिहिलं.

ए-२०४ : वहिनी, तुम्ही मुद्दाम केलं नाही.

बी-६०१ : मुद्दाम नाही, पण माझ्या मेसेजमुळे त्यांचं पोतं उघडलं गेलं. आत्ता त्यांना फोन केला. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "वहिनी, डबा गेला नाही अजून. नावाचा डबा लोक लवकर घेत नाहीत." परत आणून देते म्हणाल्या. पैसे नको म्हणत होत्या. मी सांगितलं, बाजारात सांगितलेले दीडशेच देणार, तुम्ही तो महिनाभर सांभाळलात. मिक्सर कालच गेला, पाचशेला. शिकायला आलेल्या दोन मुलांनी घेतला, खोलीवर स्वयंपाक सुरू करणार होते.

डी-४०१ : डबा आला की मला दाखव. तुझ्या सासूबाईंचा तो लाडवाचा डबा असेल तर मला ओळखू येईल.

सचिव : सकाळची सूचना रद्द केली आहे. वॉचमनशी मी स्वतः बोललो, त्याला दोष नाही, त्याने माझंच ऐकलं. उद्या आठ वाजता मी गेटवर असेन आणि ताईंची माफी मागेन. अडवलं सगळ्यांसमोर, तर माफीही सगळ्यांसमोर.

पुढचं असं करू. जनरेटरमागचा ओटा सकाळी ८ ते १० ताईंना निवडायला. मोठ्या वस्तू दर रविवारी तिथेच ठेवायच्या, वर चिठ्ठी : चालू, बंद, काय बिघडलं. ज्याची वस्तू त्यानेच चिठ्ठी लिहायची, घरातल्या सगळ्यांना विचारून. सोसायटीतल्या कुणाला हवी असेल तर दुपारी बारापर्यंत घ्यावी, नंतर ताईंची. फंडाचा विषय मी कमिटीच्या पुढच्या बैठकीत मांडणार नाही.

सी-३०४ : ओट्यावर पत्र्याचं छप्पर हवं, पावसात पुठ्ठा भिजला तर कुणी घेत नाही. माझ्याकडे गच्चीवर तीन पत्रे पडून आहेत. देतो.

ए-७०२ : बसवायला मी येतो. ड्रिल आहे.

बी-२०३ : माझ्याकडे मुलीची अकरावी-बारावीची पुस्तकं आहेत, रद्दीत घालायची नव्हती. ताईंची धाकटी कितवीला आहे?

ए-२०४ : यंदा अकरावी सायन्स.

बी-२०३ : मग बाजारात नको, तिच्यासाठीच देते. गणिताच्या वह्याही आहेत, पूर्ण सोडवलेल्या.

ए-५०३ : पाणी आलं. काका, पंखा घेऊन येते. वायर कापलेली नाही.