मदत हवी आहे: एकाच ताटलीतलं तिघांनी खाल्लं, मेला एकच (रहस्यकथेत अडकलोय)

शाईचा डाग:

नमस्कार मंडळी,

वर्षभर रखडत एक रहस्यकथा लिहितोय. साठेक पानं झाली आणि आता गाडी चिखलात रुतली आहे. प्रसंग असा: टीव्हीवरची स्वयंपाकाची स्पर्धा, अंतिम फेरी. तीन स्पर्धक, तीन परीक्षक. त्यातला ज्येष्ठ परीक्षक, ज्याने आजवर निम्म्या स्पर्धकांना रडवलं आहे, माशाचा पहिला घास घेतो आणि पाच सेकंदांत कोसळतो. बाकी दोघांनी त्याच ताटलीतलं खाल्लंय. ते ठणठणीत.

हे घडलं कसं, तेच मला सुचत नाहीये. आधी एका दुर्मिळ वनस्पतीचं विष आणलं होतं, ज्याचा शवविच्छेदनात मागमूस राहत नाही. बायकोने वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे तुला काही सुचलं नाही म्हणून झाड आणलंस." ते पान फाडलं.

दुसरी अडचण त्याहून मोठी. सेटवर दहा-बारा कॅमेरे. प्रत्येक ओट्यावर एक, वरून एक, शिवाय खांद्यावर घेऊन फिरणारे. इतक्या डोळ्यांसमोर कोणी काही मिसळेलच कसं?

खुनी कोण ते ठरलंय, ते विचारू नका. मला हत्यार हवंय आणि वेळ हवीय. डॉक्टर, आणि अशा सेटवर काम केलेलं कोणी असेल तर कृपया लिहा. मी हे कार्यक्रम फक्त सोफ्यावर बसून पाहिलेत.

खोडरबर:

झाड गेलं ते बरं झालं. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले, त्यात हा स्पष्ट आहे: आजवर न सापडलेलं विष चालणार नाही, आणि शेवटी लांबलचक शास्त्रीय खुलासा करावा लागेल असं यंत्रही नाही. सगळे नियम पाळलेच पाहिजेत असं नाही, पण हा मोडला की वाचक पुस्तक भिरकावतो. मी भिरकावलेली आहेत.

बाकी तुमचं उत्तर तुमच्याच शीर्षकात पडलंय. तिघांनी खाल्लं, एकच मेला. म्हणजे दोघांसाठी जे अन्न होतं तेच तिसऱ्यासाठी विष. अ‍ॅलर्जी!

झोपाळू:

वाचतोय. खुर्ची पकडून ठेवली आहे.

नाडीपरीक्षा:

खोडरबर यांच्याशी सहमत, पण आधी ते पाच सेकंद काढा हो. माणूस घास घेऊन लगेच धाडकन पडतो हे फक्त सिनेमात. अन्नाची तीव्र अ‍ॅलर्जी (अ‍ॅनाफिलॅक्सिस) सुरू व्हायला काही मिनिटं लागतात, कधी दोनेक तासही. अन्नामुळे दगावलेल्या रुग्णांत श्वास किंवा हृदय थांबेपर्यंत साधारण अर्धा तास गेलेला दिसतो. मधमाशीच्या डंखात तोच काळ पंधरा मिनिटांच्या आसपास. हा अर्धा तास तुमच्या फायद्याचा आहे, घाई कशाला करता?

सुरुवात कशी होते ते नीट लिहा. ओठ झिणझिणतात, जिभेला खाज सुटते, टाळू चावल्यासारखं वाटतं. मग अंगावर गांधी, घसा दाटणं, आवाज बसणं, दम लागणं. काहींना पोटात कळा, आणि "काहीतरी भयंकर होणार आहे" अशी भीती.

आता तुमचा परीक्षक घास घेऊन कॅमेऱ्यासमोर म्हणाला, "जिभेला काहीतरी चावतंय," तर? सेटवरचे सगळे ती टीका समजतील. स्पर्धक रडकुंडीला येईल. संकलकही ते वाक्य आनंदाने ठेवेल. आणि तो माणूस तर स्वतःचं पहिलं लक्षण सांगत असेल.

एक इशारा. खुनाचं हत्यार म्हणून अ‍ॅलर्जी बेभरवशाची. तोच माणूस, तोच पदार्थ. एकदा नुसतं अंग खाजतं, दुसऱ्यांदा जिवावर बेततं. खुन्याला खात्री देता येणार नाही.

खोडरबर:

खात्री नाही हे तर फारच छान! मग खुन्याला मारायचं होतं की फक्त कॅमेऱ्यासमोर फजिती करायची होती? न्यायालयातही तो हेच म्हणेल. शाईचा डाग, तुमच्या खुन्याचा स्वभाव आता पुन्हा तपासा.

शाईचा डाग:

नाडीपरीक्षा, दंडवत घ्या. ते "चावतंय" वाक्य मी चोरतोय. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी धरतो.

पण प्रश्न तिथेच आहे. परीक्षकाची अ‍ॅलर्जी निर्मात्यांना माहीत असणार. सेटवर शेंगदाणा येऊच देणार नाहीत. आणि कॅमेरे?

तिसरी घंटा:

उशिरा आले, सॉरी. अशा एका कार्यक्रमाची दोन पर्वं मी सेटवर काढली आहेत. नाव विचारू नका.

घरी तुम्ही काय बघता? घंटा वाजते, सगळे हात वर करतात, आणि पुढच्या क्षणी ताटली परीक्षकांसमोर. आमच्याकडे त्या दोन क्षणांच्या मध्ये तास-दीड तास सहज जायचा. दिवे हलवायचे, ओटे पुसायचे, कोणाचा तरी मेकअप ओघळलेला असायचा. तोवर पदार्थ थंडगार. म्हणून परीक्षक बरीचशी चव स्वयंपाक चालू असतानाच, ओट्याओट्यावरून फिरत चमच्याने घेऊन ठेवायचे. समोर बसून खाताना दिसतात तो बराचसा उपचार.

आणि या तासात ताटल्या कुठे असायच्या? काळ्या पडद्यामागे. तिथे एकच कॅमेरा फक्त ताटलीची जवळची दृश्यं घेतो. आमचे स्पर्धक दोन ताटल्या लावायचे, एक चवीची, एक कॅमेऱ्याची. कॅमेऱ्याच्या ताटलीवर फूड स्टायलिस्ट काम करते. थंड मासा पडद्यावर मेलेला दिसतो, सॉसवर साय धरते, हिरवी पानं माना टाकतात. मग ती पान बदलते, कडा कापसाने पुसते आणि बारीक ब्रशने माशावर तेलाचा हात फिरवते. लखलखीत!

तेलाचा ब्रश, शाईचा डाग. तुमच्या डिटेक्टिव्हला स्वयंपाकाचं बारा कॅमेऱ्यांचं चित्रण बघत बसू दे. स्वयंपाकात काही सापडणारच नाही, कारण स्वयंपाकात काही झालेलंच नाही. ब्रशच्या वाटीतलं तेल बदललं आणि नंतर दोन ताटल्यांची अदलाबदल केली, की झालं.

अ‍ॅलर्जीचं म्हणाल तर सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतात. पण तो फॉर्म एकाच्या हातात राहत नाही. स्वयंपाकघर सांभाळणारे, भांडार भरणारे, स्टायलिस्ट, दिग्दर्शकाचे सहायक, सगळ्यांना ती यादी जाते. तुमचे संशयित आपोआप वीस झाले.

खोडरबर:

सुरेख, पण एक खोट काढतो. शेंगदाण्याच्या तेलाला वास येतो. ज्या माणसाचं पोट जिभेवर चालतं त्याला कळणार नाही?

नाडीपरीक्षा:

उलट वास येणारं तेलच लागेल. रिफाइंड तेलातली प्रथिनं जवळजवळ निघून गेलेली असतात, आणि अ‍ॅलर्जी प्रथिनांची असते. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेकांना पूर्ण रिफाइंड तेलाने काही होत नाही. घाण्याच्या तेलात मात्र प्रथिनं उरतात. म्हणजे बाटलीवर नुसतं "शेंगदाणा तेल" वाचून डिटेक्टिव्हला उलगडा होणार नाही, कुठलं तेल हे शोधावं लागेल. हा धागा मी तुमच्या जागी असतो तर पन्नास पानं ताणला असता.

वासाचं म्हणाल तर, ज्याने जन्मभर शेंगदाणा चार हात लांब ठेवला त्याला तो वास इतरांइतका ओळखीचा असेलच असं नाही. बाकी दोघांना आला असेल. पण त्यांना तो रुचकर वाटला असेल, संशयास्पद नव्हे.

पुरावा: ताट धुतलं गेलं तरी ब्रशच्या केसांत तेल राहतं. प्रयोगशाळेत एलायझा चाचणीने शेंगदाण्याची प्रथिनं दशलक्षात काही भाग इतकी कमी असली तरी सापडतात. शवविच्छेदनावर फार भिस्त ठेवू नका, अशा मृत्यूत ठळक खूण दिसेलच असं नसतं. रक्तात ट्रिप्टेज (अ‍ॅलर्जीच्या झटक्यात पेशींतून सुटणारं एक प्रथिन) वाढलेलं मिळू शकतं, पण अन्नाच्या अ‍ॅलर्जीत ते पुष्कळदा वाढतही नाही.

शाईचा डाग:

आणि त्याचं अ‍ॅड्रेनलिनचं पेन, म्हणजे झटका आला की टोचायचं तयार इंजेक्शन? ते तर खिशात असणार ना? पेनमधलं औषध बदलून टाकू का?

तिसरी घंटा:

काही बदलू नका. वेशभूषावाले खिसे रिकामे करून घेतात, कोट फुगलेला दिसतो म्हणून. पाठीला मायकचा डबा, त्यात आणखी पेन कुठे? ते मेकअप रूममध्ये, त्याच्या दुसऱ्या कोटात. कोणीही काही न करता ते चुकीच्या जागी आहे.

नाडीपरीक्षा:

हे खरंच पटतं. जीव जाण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं, अ‍ॅड्रेनलिन उशिरा मिळणं. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गरज पडली तर कपड्यावरूनच, ताबडतोब द्यायचं असतं.

अजून एक, आणि हे कथेबाहेरही लक्षात ठेवा. अशा रुग्णाला आडवं ठेवायचं, पाय उंच. फारच दम लागत असेल तर पाय पसरून बसवायचं. उभं करायचं नाही, चालवायचं तर अजिबात नाही. रक्तदाब कोसळलेला असताना एकदम उभं केलं तर हृदयाकडे परतणारं रक्त तुटतं आणि तिथेच खेळ संपू शकतो. तुमच्या सेटवर कोणीतरी मायेने म्हणेल, "चला, बाहेर मोकळ्या हवेत नेऊ."

शाईचा डाग:

हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. त्याला हात धरून उठवणारी मुलगी माझ्या कथेत आधीपासून आहे. तीच स्पर्धक, जिच्या माशावर तो सर्वात जास्त ओरडला होता. ती खुनी नाही. पण हे तिला कळेल तेव्हा?

खोडरबर:

ते लिहा आधी. बाकी नंतर.

तिसरी घंटा:

पकडायचं कसं तेही देऊन जाते. कॅमेरे थांबले तरी आमचे साउंडवाले ध्वनिमुद्रण सहसा थांबवत नसत. प्रत्येकाच्या छातीवर मायक, प्रत्येकाचा आवाज वेगळा साठवलेला. खुनी कॅमेरे चुकवतो पण स्वतःच्या मायकला विसरतो. कॅमेरे आणि ध्वनी एकाच टाइमकोडवर चालतात, तास, मिनिटं, सेकंद आणि सेकंदाच्या आत २५ फ्रेम. पडद्यामागे कोणीच नसायला हवं होतं त्या मिनिटाला कोणाच्या तरी छातीवर दोन ताटल्या एकमेकींना लागल्याचा 'टिण्' ऐकू आला, तर डिटेक्टिव्हला अजून काय हवं?

आणि घंटेआधीचा शेवटचा फ्रेम काढून शेजारी ठेवायला सांगा. चवीच्या ताटलीतला मासा कोरडा. परीक्षकांपुढचा चमकतोय.

झोपाळू:

पुस्तक आलं की पहिली प्रत माझी. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

शाईचा डाग:

सगळ्यांचे आभार. पाच सेकंदांची पंचवीस मिनिटं झाली आहेत, आणि पहिली चाळीस पानं पुन्हा लिहायची आहेत. तिसरी घंटा, एकच शेवटचं. ती काळ्या पडद्यामागची जागा, तिला सेटवर काय म्हणतात? मला चुकीचा शब्द वापरायचा नाहीये.

तिसरी घंटा:

दुसरीकडचं माहीत नाही. आमच्याकडे नुसतं "कोपरा" म्हणायचे. "कोपऱ्यात ने" म्हटलं की जो मोकळा असेल तो ताटली उचलायचा, कोण उचलतंय ते कोणी बघायचं नाही.