राउटरचं वायफाय सेटिंग स्वतः केलंय का? तुमचे अनुभव लिहा

आतल्या खोलीत व्हिडिओ कॉल सारखा अडकायचा, नवीन राउटर घ्यायच्या बेतातच होते, पण म्हटलं आधी आहे त्याची सेटिंग तरी बघू. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून लॉगिन केलं तर २.४ गिगाहर्ट्झचा (वायफायचे दोन मुख्य पट्टे असतात, २.४ आणि ५, त्यातला हा एक) चॅनल, म्हणजे पट्ट्यातली वाट, ६ आणि त्या वाटेची रुंदी ४० मेगाहर्ट्झ, आणि फोनवरच्या अ‍ॅपमध्ये बघते तर शेजारपाजारचे जवळजवळ सगळेच ६ वर! चॅनल ११ केला, रुंदी २० केली, कॉल सुरळीत. १, ६ आणि ११ हे एकमेकांवर चढत नाहीत, मधला ३ किंवा ४ मोकळा दिसला तरी घेऊ नका, दोन्हीकडून त्रास होतो. तुम्हाला कशाने फरक पडला? फसलेलं पण लिहा, त्यातूनच जास्त कळतं.

---

माझं फसलेलंच आहे. सिक्युरिटी चांगली हवी म्हणून नुसतं डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेचा नवा प्रकार) ठेवलं आणि जुना प्रिंटर नेटवर्कवरून गायब, दोन दिवस मी प्रिंटरलाच दोष देत बसलो. शेवटी डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स्ड (जुना-नवा दोन्ही चालतील असं) केलं तेव्हा मिळाला.

---

आमच्याकडे स्मार्ट बल्ब जोडला जाईना. बल्बला फक्त २.४ कळतं, फोन ५ वर, आणि २.४ आणि ५ दोन्हीच्या वायफायचं नाव एकच. गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) फक्त २.४ वर चालू करून बल्ब तिकडे टाकला, तो आजतागायत तिथेच आहे.

---

५ गिगाहर्ट्झचं नावच अधूनमधून दिसेनासं व्हायचं, मिनिटभराने परत यायचं. राउटर गरम होतोय वाटलं, पंख्याखाली पण ठेवून बघितला. मग सिस्टम लॉग उघडला तर त्यात रडार सापडल्याची नोंद! ५२ आणि त्याच्या पुढचे बरेच चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले असतात, रडारचा सिग्नल आला की राउटरला तो चॅनल सोडावाच लागतो आणि तसाच दुसरा घ्यायचा तर आधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकत थांबावं लागतं. ३६ वर आणल्यापासून एकदाही गेलेलं नाही.

---

डब्ल्यूपीएसचा (वायफायचा पासवर्ड न टाकता उपकरण जोडायची सोय) पिन बंद करा, कृपया. ८ आकडी दिसतो पण तपासला जातो दोन तुकड्यांत, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो, हे २०११ पासून माहीत आहे. राउटरच्या लॉगिनचा पासवर्डही बदला, तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो.

---

राउटर बदलला तेव्हा जुनंच नाव, जुनाच पासवर्ड आणि सिक्युरिटीचा तोच प्रकार ठेवला, स्पेस आणि कॅपिटल अक्षरांसकट, आणि घरातलं एकूण एक उपकरण आपोआप जोडलं गेलं. आईच्या फोनला हातसुद्धा लावावा लागला नाही, तिला तर राउटर बदललेला कळलंच नाही. हे सगळं लॅनची केबल लावून करा, मी आधी एकदा वायफायवरूनच पासवर्ड बदलत होतो, एक अक्षर चुकीचं पडलं, सेव्ह झालं आणि मीच बाहेर. केबल नव्हती, मग टाचणीने रीसेटचं बटण दाबून सगळं पहिल्यापासून.