केनिया: मलेरियाच्या गोळ्या परत आल्यावरही चालू ठेवा

कुणीतरी लिहिलंय की केनियाहून परतून मुंबईत उतरलं की मलेरियाच्या गोळ्या बंद केल्या तरी चालतं. कृपया तसं करू नका. डास शेवटच्या रात्री चावला तरी जंतू आधी यकृतात वाढतात आणि आठवडा-दोन आठवड्यांनी रक्तात उतरतात. या गोळ्यांपैकी डॉक्सिसायक्लिन रक्तातल्या जंतूंवर काम करतं, म्हणून परतल्यावरही 4 आठवडे रोज 100 मिग्रॅ घ्यायचंच. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यकृतातही काम करतं, त्यामुळे नंतर 7 दिवस पुरतात. दोन्ही निघण्याआधी 1-2 दिवस सुरू करा, डॉक्टरांना विचारूनच. क्लोरोक्विन हे मलेरियाचं दुसरं औषध केनियात उपयोगाचं नाही.

डॉक्सी जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण पडतो. डॉक्सीमुळे उन्हाने त्वचाही लवकर भाजते. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून डास पळवणारं मलम. मोंबासाच्या किनाऱ्यावर धोका नैरोबीपेक्षा बराच जास्त.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या. लसीचा दाखला नसेल तर भारतात परतल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. आणि परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना ‘केनियाहून आलोय’ हे पहिल्या वाक्यात सांगा, त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.