अनुभव धागा: ३.४ सेकंद आणि बाहेरची निसटती हार

वेस्टलाफायेतकर
डिसेंबर लागला की ९ तारीख येतेच. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल, ९ डिसेंबर २०२१, रटगर्सच्या घरी पिस्कॅटवेत. रटगर्स ७०, पर्ड्यू ६८. आपली पर्ड्यू इतिहासात पहिल्यांदाच देशात पहिल्या क्रमांकावर, ८-० (आठही मॅच जिंकलेल्या), आणि त्याच आठवड्यात हे. ट्रेव्हियन विल्यम्सनं ३.४ सेकंद शिल्लक असताना ६८-६७ केलं, मग रॉन हार्पर ज्युनिअरनं अर्ध्या कोर्टाच्या रेषेच्या जरा आतून मारला तो बझरसोबत आत. त्याचे ३० गुण झाले.

या धाग्यात नुसती हळहळ नको. बाहेरच्या मॅचची शेवटची मिनिटं नेमकी कुठे हातून जातात ते लिहा. मला तरी तो शॉट दोष देण्याजोगा वाटत नाही. त्याआधीचं सगळं तपासायला हवं.

डावखुरी
कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होईपर्यंत लिहिते. कॉलेजच्या पुरुष बास्केटबॉलमध्ये शेवटच्या मिनिटात बास्केट पडली की घड्याळ थांबतं. म्हणजे ३.४ हे अख्खे ३.४. पळत येऊन बॉल उचलण्यात एक क्षणही जात नाही. घड्याळ सुरू होतं ते कोर्टातल्या खेळाडूचा हात बॉलला लागल्यावर. बॉल घरंगळत सोडला तर तो बिनस्पर्श जाईल तितकी जागा फुकट मिळते, म्हणून डिफेन्सनं पुढे येऊन आधीच उभं राहायचं असतं.

खडूफळा
डावखुरी ताई, त्यात भर. बास्केट पडल्यावर बॉल आत टाकणारा बेसलाइनवर कुठेही पळू शकतो, ५ सेकंदांत टाकायचा एवढंच. टाइमआउट घेतला तरी ही मुभा जात नाही. पण व्यावसायिक लीगसारखं टाइमआउट घेऊन बॉल पुढे आणता येत नाही, ९४ फूट पार करायचेच. पळत ड्रिबल करणारा चांगला खेळाडू सेकंदाला साधारण एक ड्रिबल टाकतो, म्हणजे ३.४ मध्ये तीन ड्रिबल आणि उचलून मारायला उरलेला वेळ. अर्ध्या रेषेपर्यंत आरामात.

तेव्हा डिफेन्सचं काम एकच. त्याला सरळ पळू द्यायचं नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवलं की एक ड्रिबल वाया आणि शॉट दहा फूट मागून. सरळ रेषेत सोडला की खांदे रिंगकडे, पावलं तालात, आणि मग चाळीस फुटांचा शॉटसुद्धा नुसता फेकलेला राहत नाही.

पिस्कॅटवेकर
आमच्या बाजूनं एक. रटगर्सच्या घरच्या कोर्टाला सगळे अजून आरएसीच म्हणतात. जेमतेम ८००० माणसं मावतात, पण आवाज कोंडून राहतो. एडिसनची निम्मी मराठी मंडळी लिव्हिंगस्टन कॅम्पसपासून इतकी जवळ राहतात आणि तरी विचारतात, रटगर्सला बास्केटबॉल आहे का! रटगर्सनं त्याआधी पहिल्या क्रमांकाच्या संघाला कधीच हरवलं नव्हतं. त्याच मोसमात घरच्या कोर्टवर लाफायेत कॉलेजकडून हरलेला संघ हा. मग वेस्ट लाफायेतचा संघ, म्हणजे पर्ड्यू, आला.

वेस्टलाफायेतकर
@पिस्कॅटवेकर हे लाफायेत प्रकरण माहीत नव्हतं. अभिनंदन, उशिरा का होईना.

आकडेमोडे
फाऊल का केला नाही, असं दर वेळी कोणीतरी विचारतं. पुढे १ गुण असताना नाही करायचा. संघाच्या सातव्या ते नवव्या फाऊलला वन-अँड-वन (पहिला फ्री थ्रो आत गेला तरच दुसरा), दहाव्यापासून सरळ दोन. ७०% वाला वन-अँड-वनला सरासरी १.१९ गुण काढतो, सरळ दोनला १.४. अर्ध्या कोर्टावरून मारायला लावणं कितीतरी स्वस्त. ३ ने पुढे असाल तर गोष्ट वेगळी, दोन फ्री थ्रोंनी बरोबरी होत नाही.

खडूफळा
३ ने पुढे असताना करायचा आणि केल्यावर काय बिघडतं, त्याचा धडा २०१९, लुइव्हिल. ती बाहेरची मॅच नव्हे, तटस्थ कोर्ट, पण सांगतोच. व्हर्जिनियाविरुद्ध पर्ड्यू ७०-६७ पुढे, ५.९ सेकंद, फाऊल केला. निर्णय बरोबर. टाय जेरोमचा पहिला आत, दुसरा चुकला. डियाकिटेनं बॉल मागे थेट दुसऱ्या अर्ध्यात टोलवला, किहाय क्लार्कनं पळत जाऊन उचलला, लांब पास, डियाकिटेचा शॉट बझरसोबत. ७०-७०. ओव्हरटाइममध्ये ८०-७५. कार्सन एडवर्ड्सचे ४२ गुण वाया.

फ्री थ्रोच्या लेनमध्ये बचावाचे चार आणि हल्ल्याचे दोन उभे राहू शकतात. चाराला दोन, तरी रिबाउंड जातो, कारण सगळे रिंगकडे बघतात. सराव असा हवा: आतल्या दोघांनी आधी पाय रोवून कुल्ह्यानं माणूस अडवायचा, बॉल नंतर. आणि पाचवा माणूस अर्ध्या रेषेजवळ, टोलवलेल्या बॉलसाठी.

शिट्टीवाला
एरो (अडकलेला बॉल पुढच्या वेळी कोणाला मिळणार ते दाखवणारा बाण) कोणाकडे आहे हेही शेवटच्या मिनिटात बेंचवरून ओरडून सांगायला हवं. कॉलेजमध्ये जंप बॉल फक्त सुरुवातीला (आणि ओव्हरटाइमला), बाकी अडकलेला बॉल एरोप्रमाणे. एरो आपला असेल तर बॉलवर झडप घालून अडकवा. समोरच्याचा असेल तर हात काढा.

डावखुरी
शिट्ट्या झाल्या. मला विल्यम्सच्या बास्केटबद्दल बोलायचंय. ३.४ उरणं लवकर झालं का? प्रशिक्षक शेवटचा प्ले साधारण ७-८ सेकंदांवर सुरू करायला सांगतात. ४ ला शॉट, चुकला तर २ ला रिबाउंडवरून परत. बझरवर शॉट ठेवला तर चुकल्यावर काहीच उरत नाही. एक गुण मागे असताना रिबाउंडची संधी ठेवणं मला पटतं. बरोबरी असती तर उशिरा मारा म्हटलं असतं.

आकडेमोडे
सहमत. त्या बास्केटला नावं ठेवू नका, चांगली होती.

रात्रपाळी_पुणे
भारतातून बघणाऱ्यांसाठी: हिवाळ्यात पूर्वेच्या वेळेशी साडेदहा तासांचा फरक. तिकडे संध्याकाळचे ७ म्हणजे इथे पहाटे साडेपाच. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांचं घड्याळ पुढे जातं, मग साडेनऊ. मार्च मॅडनेसला (मोसमाअखेरच्या राष्ट्रीय स्पर्धेला) गजर बदलायला विसरू नका.

नागपूरची_फॅन
आमच्याकडे बघतं कोण? लीग बघणारे चार सापडतात, कॉलेजवाला एकही नाही. हा धागा सापडला बरं वाटलं. रॉन हार्पर म्हणजे शिकागो-लेकर्सवाल्याचा मुलगा ना?

पिस्कॅटवेकर
हो, पाच विजेतेपदंवाला.

आकडेमोडे
बाहेरची हार मार्च मॅडनेसच्या निवड समितीपुढे कशी मोजली जाते ते लिहितो, कारण लोक उगाच घाबरतात. समिती वापरते त्या नेट क्रमवारीत क्वाड-१ (सगळ्यात अवघड मॅचचा गट) म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा क्रमांक घरी १ ते ३०, तटस्थ १ ते ५०, बाहेर १ ते ७५. साठाव्या क्रमांकाच्या संघाकडून बाहेर हरलात तर ती क्वाड-१ हार, घरी हरलात तर क्वाड-२. पर्ड्यूच्या २०२३-२४ च्या नियमित मोसमातल्या तिन्ही हारी बाहेरच्याच: नॉर्थवेस्टर्न (ओव्हरटाइममध्ये ९२-८८), नेब्रास्का, ओहायो स्टेट. तरी पहिलं मानांकन, आणि अंतिम सामना.

वेस्टलाफायेतकर
जास्त लागते ती २ जानेवारी २०२३ ची. पुन्हा रटगर्स, पुन्हा आपण पहिले, ६५-६४, आणि तीही मॅकीमध्ये, आपल्या घरी. कॅम स्पेन्सरचा तीन गुणांचा शॉट. बाहेरचा आवाज हे कारणही तिथे नव्हतं.

खडूफळा
आवाजावरून आठवलं. बाहेर जाण्याआधी सरावात स्पीकरवर गर्दीचा आवाज इतका मोठा लावायचा की शेजारच्याचं ऐकू येऊ नये. प्लेची नावं तोंडानं नाही, हातानं आणि पाट्यांनी. बदली डिफेन्सची (दोघांनी आपापला माणूस अदलाबदल करायची) हाक एकच, एका अक्षराची, आणि हात लावून. बहुतेक बाहेरच्या हारीत शेवटच्या दोन मिनिटांत दोघे एकाच माणसावर जातात आणि कोपऱ्यातला मोकळा राहतो, कारण "स्विच" ऐकूच आलेलं नसतं. फ्री थ्रो दमल्यावरच मारायचे: दोन फेऱ्या पळणं, दोन शॉट, पुन्हा पळणं.

शिट्टीवाला
आणि प्रशिक्षकाला चालू बॉलवर टाइमआउट मागता येत नाही, खेळाडूनंच मागायचा. गोंगाटात प्रशिक्षक हात हलवतोय आणि गार्डची पाठ त्याच्याकडे, असे सेकंद जातात. बाहेरच्या मॅचमध्ये एक माणूस आधीच ठरवून ठेवा, ज्यानं दर डेड बॉलला (खेळ थांबला की) बेंचकडे बघायचंच.

नागपूरची_फॅन
०.३ सेकंद उरले तर पकडून मारता येतं का?

शिट्टीवाला
नाही. ०.३ किंवा कमी असेल तर फक्त टिप (न पकडता हातानं टोलवणं). ०.४ ला पकडून मारता येतं.