कुत्र्याच्या यकृतात भोकंच भोकं! चरबी की माझा घोळ?

प्रश्न : पशुवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एच अँड ई स्टेनच्या (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन, नेहमीचा जांभळा-गुलाबी रंग) स्लाइडवर पांढरी भोकं दिसतात. चरबी असेल तर ती रिकामी कशी?

उत्तर १ : चरबी आधीच वाहून गेली ना! तुकडा पॅराफिन मेणात बसवण्याआधी अल्कोहोल, झायलीन देतात, त्यात ती विरघळते. उरते नुसती जागा. खरी चरबी बघायची तर फ्रोझन सेक्शन (झटकन गोठवून घेतलेला काप) आणि ऑइल रेड ओ (चरबी लाल रंगवणारा रंग). आता केंद्रक बघ. मोठ्या थेंबाने कडेला रेटलेलं आणि भोकाची कड रेखीव, तर बहुधा चरबी. केंद्रक मधोमध आणि कडा पिसासारख्या विस्कटलेल्या, तर ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर. स्टिरॉइडने ते यकृतात साठतं. कुत्र्याला स्टिरॉइड चालू होतं का?

प्रश्नकर्ती : नाही. ४०च्या लेन्सखाली भोकं वेडीवाकडी दिसतात, पेशींच्या बाहेरसुद्धा.

उत्तर २ : तुकडा फ्रीजरमध्ये ठेवला होतास? हे बर्फाच्या स्फटिकांचे प्रताप. माझं अख्खं मूत्रपिंड असंच स्पंज झालं होतं, सरांनी काही न बोलता स्लाइड परत दिली. तुकडा थेट १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणारं द्रावण) टाकायचा, द्रावण तुकड्याच्या १० पट.

प्रश्नकर्ती : रात्रभर फ्रीजरमध्येच होता. बोंबला.